एक शेळी, चार जणींचे हात

आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुली. गटात चौघी आहोत. एक लोहाऱ्याची, एक तेरची, एक तुळजापूरची आणि एक वाशी तालुक्यातली. कॉलेजात एकमेकींना आम्ही गावाच्याच नावानं हाक मारतो, म्हणून इथंही तसंच बोलतो. लिहिलंय सगळ्यांनी मिळून, वाचतेय एक.

नव्या शैक्षणिक धोरणात आता बी.ए.लाही कौशल्याचा एक पेपर असतो. आम्ही ॲनिमेशन घेतलं. घरी सांगितलं तेव्हा लोहाऱ्याच्या आजी म्हणाल्या, "म्हंजे कार्टून बघायलाव का तुमी कॉलेजात?" बघत नाही आजी, करतो, असं सांगितलं. पण कसं करतात ते तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं.

आधी तेच सांगतो, कारण एकदा कळलं की घरची लेकरंसुद्धा सुट्टीत करू शकतील. एखादी वस्तू ठेवायची, फोटो काढायचा. वस्तू केसभर सरकवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो भराभर दाखवले की एक सेकंद होतो, आणि वस्तू आपण होऊन चालल्यासारखी दिसते. आमचा सिनेमा शंभर सेकंदांचा आहे. म्हणजे बाराशे फोटो. चुकलेले वेगळे. बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. करायला आम्हाला ऑगस्टपासून नोव्हेंबर लागला.

पहिल्यांदा मातीची माणसं करायची ठरलं. तेर हे गोरोबाकाकांचं गाव, तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, त्या शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेल्या. तेव्हा तेरच्या मैत्रिणीनं कुंभारवाड्यातून माती आणली, आम्ही ऐटीत एक आजी घडवली. दिव्याखाली ती तासाभरात वाळली, हात हलवायला गेलो तर हातच गळून पडला. फिरून केली, पुन्हा तेच. चार दिवसांनी ती माती आम्ही कुंडीत टाकली.

मग मॅडमनी लोटे रायनिगर या जर्मन बाईंचं काम दाखवलं. १९२६ साली त्यांनी नुसत्या कात्रीनं कापलेल्या काळ्या आकृत्यांचा पूर्ण लांबीचा सिनेमा केला. काच, खालून उजेड, वर काळी आकृती. बघून वाशीची म्हणाली, "काळं चालतंय ना? मग शेळी करू. आपली शेळी काळीच असती."

तुम्हाला सांगायला नको, आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं उस्मानाबादी शेळी सगळीकडं ओळखली जाते. बहुतेक काळीभोर, आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी. गोष्टही वाशीचीच निघाली. बारावीनंतर तिच्या प्रवेशाच्या वेळी पैसे नव्हते, तेव्हा तिच्या आजीनं शेळी बाजारात नेली. दोन करडं घरी राहिली. सिनेमात एवढंच आहे: आजी, शेळी, बाजार, फी, आणि शेवटी एक करडू मुलीच्या मागं एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत येतं. ती हे अगदी सहज सांगत होती. आमच्यापैकी कुणालाच त्याआधी हे माहीत नव्हतं.

तेरच्या मैत्रिणीच्या मावशीचं धाराशिवात जुनं माळवदाचं घर आहे. त्यातली मागची खोली आम्हाला मिळाली. छताला उजेडासाठी ठेवलेलं सवणं पोत्यानं झाकलं, की भर दुपारी अंधार. या कामाला असा अंधारच लागतो, कारण खिडकीतला उजेड हलला की प्रत्येक फोटो वेगळा येतो आणि सिनेमा लुकलुकतो. दोन बाजूंना विटा रचल्या, वर खिडकीची जुनी काच, त्यावर बटर पेपर, खाली एक बल्ब. स्टूल उलटं टांगून त्याला मोबाईल बांधला. जमिनीसाठी ज्वारीचे दाणे पसरले. खालून उजेड आला की दाणेसुद्धा काळे दिसतात, माळरान तयार. मोबाईलच्या ॲपमध्ये मागचा फोटो पुसटसा दिसत राहतो, म्हणजे किती सरकवायचं ते कळतं. त्या सोयीला ओनियन स्किन म्हणतात, कांद्याची साल. हे मावशींना फार आवडलं.

एकदा मधेच लाईट गेली. चार्जिंगच्या दिव्यावर तीस फोटो काढले, ते पिवळट आले. टाकून देणार होतो, मग तोच भाग संध्याकाळचा केला. आजी दाराशी बसलेली आहे तो. बघणारे सगळे त्या उजेडाचं कौतुक करतात आणि आम्ही गप्प बसतो.

शेळी मात्र सुरुवातीला शेळी वाटत नव्हती. आम्ही पुढचा एक आणि समोरच्या कोपऱ्यातला मागचा, असे दोन-दोन पाय एकदम उचलत होतो. ती सारखी पळतच होती. वाशीच्या मैत्रिणीनं दोन दिवस बघितलं, मग काचेजवळ येऊन बसली. लहानपणापासून शेळ्या वळलेली पोरगी. म्हणाली, चालताना शेळी एका वेळी एकच पाय टाकते. आधी मागचा डावा, मग पुढचा डावा. मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. सेकंदाचे बारा फोटो, चार पाय, म्हणजे पायाला तीन. झालं, शेळी चालायला लागली. पायांचे सांधेही तिनं सुईदोऱ्यानं बांधले होते. गाठ सैल झाली तर पाय लोंबतो, घट्ट झाली तर कागद फाटतो. तिच्या हाताला ते बरोबर कळायचं.

आता वहीचं सांगायला हवं. लोहाऱ्याच्या मैत्रिणीची आई बचत गटाची सचिव आहे. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "चौघी काम करायलाव, तर नोंद कुठाय?" आम्ही हसलो. ती म्हणाली, "हसू नका. पैशात भांडण होत नाही, नोंद नसली की होतं." तिनं गटाची एक कोरी वही दिली. त्यात आम्ही तारीख, फोटो क्रमांक कितीपासून कितीपर्यंत, आकृती कुणी सरकवली, मोबाईल कुणी धरला, असे रकाने पाडले. कंटाळवाणं काम. रोज कुणीतरी विसरायचं.

दसऱ्यानंतर एक दिवस वाशीची आली नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी तिनं वडिलांच्या फोनवरून कळवलं, की ती टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेली आहे. उचल घेतलेली होती, आईची कंबर धरलेली, म्हणून आईच्या जागी ती. आमच्या ऐकणाऱ्या बायांमध्ये कोयत्यावर जाऊन आलेल्या पुष्कळ आहेत, त्यांना यात नवीन काही नाही. आम्हाला मात्र आपल्याच वर्गातली मुलगी मोळ्या वाहते आहे हे पचायला वेळ लागला.

तेव्हा सातशेचाळीस फोटो झाले होते. राहिले चारशेसाठ.

आम्ही तिघी काचेजवळ बसलो आणि शेळी पुन्हा लंगडायला लागली. एक पाय फाटला. नवा कापला, तो जाड झाला. रात्री नऊनंतर ती कोपीवर परत आली की कधी कधी फोन लागायचा. ती दमलेली असायची, बोलता बोलता झोप लागायची. तरी सांगायची, "फाटलेला टाकू नका, मी आगपेटीत दोन पाय जास्तीचे ठेवलेत, मागं नंबर घातलाय." आगपेटी सापडली, पाय सापडले. वहीत तो दिवस असा लिहिला आहे: 'पाय – वाशी. सरकवणं – तेर.'

मग गटाचा फॉर्म भरायची वेळ आली. सादरीकरणाला हजर असतील त्यांची नावं लिहायची. आता खरं सांगतो. आमच्यातली एक म्हणाली, ती काही परत येत नाही, तिघींचीच लिहू. आणि बाकी दोघी लगेच 'नाही' म्हणाल्या नाहीत. चार दिवस फॉर्म तसाच पडून होता. गट लहान झाला तर प्रत्येकीचं काम जास्त दिसेल, हेही कुठंतरी डोक्यात होतं. मैत्रिणीबद्दल असं मनात आलं हे रेडिओवर सांगावं का, यावर आमची चर्चा झाली. सांगायचं ठरलं.

पाचव्या दिवशी लोहाऱ्याची वही घेऊन बसली आणि बेरीज केली. सातशेचाळीस फोटोंत शेळी किंवा आजी कुणाच्या हातानं सरकली? वाशी चारशेदहा. तेर एकशेनव्वद. लोहारा पंचाण्णव. तुळजापूर पंचेचाळीस. आणि वर्गात उभं राहून 'आमचा सिनेमा' म्हणून सगळ्यांत जास्त कोण बोलत होतं? तुळजापूरची. ती आत्ता इथं माईकसमोरच बसली आहे, हे वाचते आहे ती तीच.

त्या दिवशी मोठं भांडण झालं. तुळजापूरची रडली आणि म्हणाली, मग खोलीसाठी मावशींना कुणी विचारलं? संबळवाल्या काकांकडं तीन खेपा घालून आवाज कुणी रेकॉर्ड करून आणला? रोज साडेपाचच्या एस.टी.आधी सगळं आवरून, झाडून, दाणे वेचून कोण ठेवायचं? वहीत याला रकानाच नव्हता. हे ऐकून लोहाऱ्याची आई म्हणाली, घरातल्या कामाला तरी कुठं रकाना असतो? मग वहीत 'इतर' असा एक रकाना वाढवला आणि मागच्या तारखा आठवून आठवून भरला. तो भरल्यावर पंचेचाळीसचा आकडा तेवढा टोचेना. पण तो खोडलेला नाही.

मॅडम शिकवताना दादासाहेब फाळक्यांचं सांगायच्या. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या अंकुराची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर रोप वाढताना दाखवलं. आमच्याच जातीचं काम. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. त्याच्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं, शिवाय सगळ्या माणसांचा स्वयंपाक. आणि जाळं घेऊन उडणाऱ्या चिमण्यांची दूरदर्शनवरची 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची चित्रफीत तुमच्यापैकी कितीजणींना पाठ असेल! ती विजया मुळे या आपल्या मराठी बाईंनी लिहिली आणि निर्माण केली. आम्ही घरोघरी विचारलं. गाणं सगळ्यांना आठवतं, बाईंचं नाव एकीलाही सांगता आलं नाही. आम्हालाही मॅडमनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

फॉर्मवर चौघींची नावं लिहिली आणि वही सोबत जोडली. हजेरीचा नियम होता, तेव्हा दोनतीनदा जाऊन बोलावं लागलं. शेवटी वही पानोपानी बघून सिनेमाचे आणि नोंदवहीचे गुण वाशीच्या मैत्रिणीला मिळाले. सादरीकरणाचे गेले, आणि त्या सत्राची लेखी परीक्षाही बुडाली. तो पेपर तिला पुन्हा द्यायचा आहे. सिनेमाच्या शेवटी नावं येतात तिथं आम्ही 'शेळी आणि गोष्ट' असं लिहून तिचं नाव पहिलं घातलं.

एप्रिलमध्ये पट्टा पडला आणि ती आली. हात खरबरीत, उसाच्या पाल्यानं कापलेले. मोबाईलवर सिनेमा दाखवला. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत होतो. आजी दाराशी बसते तिथं ती काही बोलली नाही. करडू थांब्यापर्यंत आलं तेव्हा हसली. मग म्हणाली, पुन्हा लाव. बाजाराच्या वाटेवर बोट ठेवलं आणि थांबवलं.

"इथनं पुढची शेळी माझी नाही, तुमची आहे. मागचा डावा उशिरा पडायलाय."

वही काढून बघितलं. फोटो सातशेएक्केचाळीस.

आम्ही म्हणालो, गुण मिळालेत, सिनेमा जमा झालाय, आता राहू दे. ती म्हणाली, माझ्या आजीची शेळी लंगडी नव्हती. मावशींची खोली पुन्हा मागितली आहे. त्या वाटेवरचे चाळीस फोटो नव्यानं काढायचे आहेत, आणि या वेळी आम्ही तिघी सरकवणार, ती नुसती बाजूला बसून सांगणार, असं तिचंच म्हणणं आहे. सकाळी अभ्यास, दुपारी काच, असं ठरलंय. ज्वारी मात्र उंदरांनी खाल्ली, तेवढी नवी आणावी लागेल.