सागवानी कपाटाला पांढरा रंग द्यावा का?

स्वयंपाकघर उजळ दिसावं म्हणून लाकडी कपाट पांढरं करावंसं वाटतं. आधी बघा, घरात चूल आहे का? धुरानं पांढरा रंग लवकर पिवळट पडतो. कपाट सागवानी असेल, तर सागाच्या रेषांत बसलेला रंग पुन्हा काढणं फार कष्टाचं. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तेलकट थर पुसा. कदाचित तेवढ्यानंच उजळेल. साधं लाकूड असेल तर प्रायमर मारून खुशाल रंगवा. जुना रंग मात्र कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लेकरांच्या मेंदूला घातक. २०१७पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. डबा वाचूनच घ्या.