गुळगुळीत म्हणजे किती?

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत असावा, असे आपल्याला वाटते. पण कारखान्यात त्यावर मुद्दाम बारीक, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतात. त्यांत तेल टिकते. रेघा झिजल्या, की इंजिन तेल खाऊ लागते.

हा खडबडीतपणा मोजायला हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून फिरवतात. मध्यरेषेपासून चढउतारांचे सरासरी अंतर मायक्रोमीटरमध्ये मिळते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा १०००वा भाग! पण सरासरी फसवते बरे का. एका रानात ढेकळे, दुसऱ्यात सऱ्या. सरासरी मात्र एकच येऊ शकते. ढेकळांसारखे उंचवटे घासतात, सऱ्यांसारख्या खाचा तेल धरतात. म्हणून नुसता आकडा पाहू नये. त्या भागाला काम कोणते, ते आधी विचारावे.