‘ट्रेझर आयलंड’मधून इंग्रजी शब्दसंपदा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८१-८२ मध्ये ‘यंग फोक्स’ या मुलांच्या नियतकालिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. स्पॅनिशमध्ये ती ‘ला इस्ला देल तेसोरो’ या नावाने वाचली जाते. हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून इंग्रजी शिकायला बसलेला स्पॅनिशभाषक हा आजच्या व्याख्यानाचा नायक.

सुरुवातीला त्याचं नशीब जोरावर असतं. गोष्टीतल्या जहाजाचं नावच ‘हिस्पॅनिओला’. चाच्यांचा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हर याचा पोपट ज्या नाण्यांच्या नावाने ओरडत असतो ती नाणी स्पेनची, आठ रेआल किमतीची, चांदीची. ‘डबलून’ हे नाणं म्हणजे आपल्या वाचकाच्याच भाषेतला ‘दोब्लोन’. ‘ट्रेझर’ आणि ‘तेसोरो’, ‘कॅप्टन’ आणि ‘कापितान’, बंडाचा ‘म्यूटिनी’ आणि ‘मोतीन’ हीसुद्धा नात्यातलीच मंडळी. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंचच्या वाटेने लॅटिन कुळातले हजारो शब्द इंग्रजीत आले. म्हणून इंग्रजीतले लांबलचक, भारदस्त शब्द स्पॅनिश वाचकाला बहुधा ओळखीचे वाटतात.

त्याची खरी परीक्षा घेतात ती छोटी क्रियापदं.

सिल्व्हरचा एक पाय मांडीपासून कापलेला. कुबडीवर तो पक्ष्यासारखा उड्या मारत फिरतो, त्यासाठी ‘हॉप’. कथानायक मुलगा जिम झुडपांआडून रांगत पुढे सरकतो, तिथे ‘क्रॉल’. इंग्रजी क्रियापद हालचालीची ढब आपल्या पोटातच घेऊन येतं. ‘रन आउट’चं स्पॅनिश होतं ‘सालिर कोर्रिएंदो’. बाहेर पडणं हे मुख्य क्रियापद, धावणं त्याला जोडलेलं. मराठीही असंच म्हणते: धावत बाहेर पडला.

भाषाशास्त्रज्ञ डॅन स्लोबिन यांनी कादंबऱ्या आणि त्यांचे अनुवाद ताडून पाहिले. स्पॅनिश अनुवादक ही ढब पुष्कळदा गाळून टाकतात, हे त्यांनी १९९६ च्या लेखात दाखवलं. स्पॅनिश वाक्य त्यामुळे सहज होतं, पण शिकणाऱ्याचा तोटा होतो. जो शब्द त्याला सर्वांत जास्त हवा असतो, तोच शेजारच्या पानावर सापडत नाही.

म्हणून अनुवाद आधी वाचावा आणि मिटून ठेवावा. प्रकरणात काय घडतं हे कळलं, की मग इंग्रजी पान उघडावं. हॉप करणारा माणूस डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे अर्थ प्रसंगातूनच उलगडतो. अडलेल्या शब्दाची नोंद सुटी करू नये. कोण, कुठे, कसा चालला, हे सांगणारं अख्खं वाक्य वहीत उतरवावं.

आता मेहनत किती, तेही पाहू. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबानुसार इंग्रजी कादंबरीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला हवे असतील, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांपासून झालेली रूपं, ठाऊक असावी लागतात. एवढी तयारी असली तरी पन्नास शब्दांमागे एक अनोळखी निघतोच.

पण शब्द पुन्हा पुन्हा भेटले की ते न घोकताही रुजतात. १९७८ मध्ये सरागी, नेशन आणि माइस्टर यांनी इंग्रजी मातृभाषेच्या प्रौढांना अँथनी बर्जेसची ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ वाचायला दिली. रशियनवरून घडवलेले अनेक शब्द तिच्यात आहेत. पुढे शब्दांची चाचणी होणार, हे वाचकांना सांगितलं नव्हतं. तरीही विचारलेल्या शब्दांपैकी सरासरी ७६ टक्के शब्दांचे अर्थ त्यांना बरोबर ओळखता आले.

याच कारणासाठी दुसरं पुस्तकही त्याच लेखकाचं घ्यावं. स्टीव्हन्सनच्या ‘किडनॅप्ड’मध्ये (१८८६) पुन्हा जहाज आहे, पुन्हा खलाशी आहेत, पुन्हा पळापळ आहे, वहीतली क्रियापदं तिथे नव्या प्रसंगांत भेटतात. स्कॉटिश बोलीतल्या शब्दांची मात्र त्यात भर पडते. तेवढ्यांसाठी स्पॅनिश अनुवाद पुन्हा हाताशी ठेवावा.