सहजीवन : अपरिग्रहाची कसोटी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



आज मी आपल्याला वर्ध्याजवळच्या पवनार येथे, धाम नदीच्या तीरावर घेऊन जाणार आहे. 1938 साली प्रकृती अगदी ढासळलेली असताना विनोबाजी तेथे आले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व कामांचे ओझे मनातून खाली ठेवले आणि रोज थोडी थोडी जमीन खणण्यास आरंभ केला. उघड्या आकाशाखालील त्या श्रमाने त्यांची प्रकृती सुधारली.

पुढे 1950 च्या सुमारास त्यांनी तेथे कांचनमुक्तीचा व ऋषिशेतीचा प्रयोग केला. पैशावाचून जगावे आणि बैलाच्या मानेवर जू न ठेवता स्वतःच्या हातांनी पिकवावे, असा तो संकल्प होता. विहिरीचा रहाटही माणसांनीच फिरविला. अहिंसा ताटापुरती नसून ती शेतापर्यंत पोहोचली पाहिजे, हा त्यातील बोध आपल्या समाजाला विशेष जवळचा वाटावा.

1959 साली तेथेच भगिनींच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. पहाटे ईशावास्य, सकाळी विष्णुसहस्रनाम, आणि मधल्या वेळात शेती, स्वयंपाक, सफाई व सूतकताई असा तेथील जीवनक्रम. तेथे कोणी मठाधिपती नाही. निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने घेण्याची परंपरा आहे.

बंधू-भगिनींनो, निसर्गाच्या सान्निध्यात मन शांत होते हे खरेच. परंतु एकांतात राग येत नाही, कारण राग यावा असे समोर कोणी नसते. आपला आग्रह किती सुटला, हे चार माणसांत राहिल्यावरच कळते. वस्तूंचा परिग्रह सोडणे त्या मानाने सोपे, मताचा परिग्रह सोडणे कठीण!

विनोबाजींच्याच प्रेरणेने, भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, जिनेंद्र वर्णीजींनी ‘समणसुत्तं’ हा 756 गाथांचा ग्रंथ संकलित केला. सर्व जैन संप्रदायांच्या मुनींनी व विद्वानांनी 1974 साली एकत्र बसून त्यास संमती दिली. अनेकांतवाद प्रत्यक्ष आचरणात आल्याचे हे केवढे उदाहरण! विनोबाजींनी पवनारलाच अन्न, पाणी व औषधाचा त्याग करून 15 नोव्हेंबर 1982 रोजी शांतपणे देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, म्हणजेच भगवंतांच्या निर्वाणाचा होता.

आता आपल्या अंगणाकडे वळू या. नव्या सभागृहासाठी विहिरीजवळचे जुने कडुनिंब तोडावेत की नाहीत, हा प्रश्न मागील सभेत मताला टाकला गेला. मीही तोडण्याच्या बाजूने हात वर केला होता. आम्ही जिंकलो, पण काही ज्येष्ठ मंडळी त्यानंतर सभेला आली नाहीत. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

आज मी माझे ते मत नम्रपणे मागे घेतो. आराखडा पुन्हा मांडावा, त्या ज्येष्ठांना घरी जाऊन बोलावून आणावे, आणि सर्वांची संमती होईपर्यंत कुऱ्हाड उचलू नये, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. सभागृह वर्षभर उशिरा झाले तरी चालेल. त्या सावलीत आपण सर्वजण पुन्हा एकत्र बसलो, तर हा सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे मी मानीन.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा मागतो. जय जिनेंद्र!