हरवलेल्या वारसाची कादंबरी

दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगराच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर नावाची वसाहत आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी स्वातंत्र्यानंतर ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेली मराठी कुटुंबे अशा वसाहतींतून राहत आली आहेत. तेथील घरांचा नियम साधा आहे. नोकरी आहे तोवर घर. निवृत्तीनंतर किल्ली परत. बापाने तीस वर्षे सांभाळलेले घर मुलाकडे वारसाहक्काने जात नाही, ते सरकारजमा होते. ज्या राणीचे नाव या वसाहतीला दिले आहे, तिचे सरकारशी झालेले पहिले भांडण वारसाच्या हक्कावरूनच होते. हा योगायोग नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानी आला असेल, असे मात्र दिसत नाही.

राज्याचा वारस, मंत्रविद्या आणि दगा या तीन धाग्यांनी विणलेली कथा मराठी वाचकाच्या फार जुन्या ओळखीची आहे. मराठी कादंबरीचे बालपण याच कथेने व्यापले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली, त्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ साली, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. या कादंबऱ्यांचे जग ओळखायला वेळ लागत नाही. कोठले तरी नाव नसलेले शतक, संस्कृत नावांची नगरे, भोळा राजा, कपटी प्रधान, अंधारकोठडी, अरण्यातला तपस्वी, आणि ओळख हरवलेला एक राजकुमार, ज्याच्या दंडावरची खूण किंवा बोटातली अंगठी शेवटच्या प्रकरणात सगळा उलगडा करते. सगळ्याच कादंबऱ्यांत हे सगळे असते असे नाही. पण यांतले काहीच नाही, अशी कादंबरी त्या काळच्या वाचकाने बहुधा हाती धरली नसती.

पुढच्या टीकाकारांनी या पुस्तकांवर ताशेरे ओढले. हरिभाऊ आपटे यांची ‘मधली स्थिती’ १८८५ साली आली आणि पुण्याच्या घराघरांतले जग कादंबरीत शिरले. तेव्हापासून मागच्या अद्भुत कादंबऱ्या म्हणजे पोरखेळ, असा समज रूढ झाला. रिसबुडांनी तर या टीकेला आयतेच साधन पुरवून ठेवले होते. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट सांगितले, की बालविवाहासारख्या चालीरीतींनी बांधलेल्या आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय करावा लागतो. प्रस्तावना प्रामाणिक आहे, पण ती अर्धीच खरी आहे. लग्न आणि संसार यांपुरते त्यांचे म्हणणे मान्य करता येईल. राजे आणि वारस यांच्या बाबतीत मात्र त्यांच्याच आयुष्यात जे घडून गेले होते, त्यापुढे कोणत्याही कादंबरीकाराने हात टेकावे.

१८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब वारले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. तो नामंजूर झाला आणि राज्य खालसा झाले. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसले गेले आणि पुढच्याच वर्षी नागपूरही गेले. या दोहोंच्या जोडीला झाशी. सहा वर्षांच्या आत तीन मराठी गाद्या वारसाच्या प्रश्नावरून बुडाल्या. ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली तेव्हा झाशी खालसा होऊन सात वर्षेच लोटली होती. हळब्यांच्या मनात झाशी होती, असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. वाचकांच्या मनात ती असणारच.

झाशीची कथा कादंबरीसारखी प्रकरणे पाडूनच सांगता येते. नेवाळकर घराण्यातला तरुण राजा रामचंद्रराव याला लॉर्ड बेंटिंक याने १८३२ साली ‘महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’ असा लांबलचक किताब दिला. या किताबात एकीकडे महाराजाधिराज आणि दुसरीकडे फिदवी, म्हणजे एकनिष्ठ सेवक. एकाच नावात सिंहासन आणि चाकरी शेजारी बसवण्याची ही करामत कोणत्याही मांत्रिकाला साधली नसती. याच रामचंद्ररावाविषयी एक दंतकथा आहे. कारभार हातातून सुटू नये म्हणून त्याच्या आईने, सखूबाईने, तो ज्या पाण्यात पोहायला उतरत असे तेथे भाले रोवून ठेवले होते आणि एका स्वामिनिष्ठ माणसाने वेळीच सावध केले म्हणून तो वाचला, अशी ती कथा. ती खरी की खोटी, याचा निर्णय बाजूला ठेवावा. लोकांना ती खरी वाटली, यावरून राजवाड्याच्या भिंतीआड काय घडू शकते याची त्यांची कल्पना कळते.

रामचंद्रराव १८३५ साली निपुत्रिक गेला. त्याच्या नावाने पुढे आलेला दत्तक कंपनीने मानला नाही आणि गादी चुलता रघुनाथराव याला दिली. तोही १८३८ साली वारला. पुन्हा अनेक दावेदार उभे राहिले आणि निवड झाली ती गंगाधररावाची. नाटकांचा नादी असलेला हाच राजा लक्ष्मीबाईंचा पती. १८५१ साली त्यांना झालेला मुलगा काही महिन्यांतच दगावला.

येथून पुढे मंत्राचे प्रकरण सुरू होते. २० नोव्हेंबर १८५३ या दिवशी, राजा अंथरुणाला खिळलेला असताना, त्याच कुळातल्या वासुदेवराव नेवाळकरांच्या आनंदराव नावाच्या पाच वर्षांच्या मुलाचे दत्तविधान झाले. कंपनीचे दोन अधिकारी, मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन, यांना दरबारात बोलावून राजाने त्यांच्या हाती खलिता दिला. दुसऱ्याच दिवशी राजा वारला. दत्तविधान म्हणजे काय, हे आज पुष्कळांना नीट आठवत नाही. जन्मदाता बाप मुलाचे दान करतो, मंत्र म्हटले जातात, होम होतो, आणि तो मुलगा एका घरचा असून दुसऱ्या घरचा होतो. सकाळी आनंदराव असलेले पोर त्या विधीतून दामोदरराव होऊन उठले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा उपचार नव्हे. तो माणसाचे नाते बदलून टाकतो. मेलेल्याला पिंड देण्याचा अधिकार ज्याला नव्हता, त्याला तो देतो. कादंबरीतल्या जादूगाराची कांडी याहून अधिक काय करते?

२७ फेब्रुवारी १८५४ रोजी डलहौसीने आपला निर्णय लिहिला. १८१७ च्या तहात गादी वंशपरंपरेने चालावी असे शब्द होते. त्यांचा अर्थ दत्तकाला लागू नाही, असे त्याने ठरवले. पुरावा म्हणून १८३५ साली नाकारलेला दत्तक त्याच्या हाताशी होताच. पण खरी गंमत पुढे आहे. दामोदरराव हा गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेचा वारस आहे, हे सरकारने मान्य केले! खजिन्यातली लक्षावधी रुपयांची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत सरकारने आपल्याकडे ठेवून घेतली. म्हणजे तोच होम, तेच मंत्र, तोच मुलगा. परंतु दागिन्यांपुरता मंत्र लागू पडला आणि सिंहासनापुरता तो वाया गेला. मंत्र अर्धा चालतो, अशी कल्पना अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्या एकालाही सुचली नाही. त्यासाठी गव्हर्नर जनरलचे दफ्तर लागले.

राणीने अर्ज केले, तहाचे शब्द पुन्हा पुन्हा पुढे ठेवले. जॉन लँग नावाच्या वकिलाला तिने झाशीस बोलावले. १८५९ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ती भेट सांगितली आहे. राणी पडद्याआड बसली होती आणि बोलणे चालू असताना लहानग्या दामोदररावाने तो पडदा मध्येच बाजूला सारला, त्यामुळे लँगला ती क्षणभर दिसली. राजकारणाची एवढी थोर माणसे, एवढे कागद, आणि ज्याच्यावरून हे सगळे चालले होते ते मूल पडद्याशी खेळत होते. लँगने सल्ला दिला तो वकिलाचाच: तक्रार नोंदवून दरमहा पाच हजारांचा तनखा घ्यावा आणि वरिष्ठांकडे दाद मागावी. दाद लागली नाही.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीतली इंग्रजी सत्ता कोसळताच पारोळ्याचा सदाशिवराव नेवाळकर करेऱ्याच्या किल्ल्यात शिरला आणि त्याने स्वतःलाच झाशीचा राजा म्हणवून घेतले. खोट्या वारसाचे हे पात्रही कथेत असे वेळेवर येते. राणीने त्याचा बंदोबस्त केला. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजने शहर घेतले. दुल्हाजू नावाच्या माणसाने ओरछा दरवाजा फितुरीने उघडला, असे बुंदेलखंडात आजही सांगतात. इंग्रजांच्या वृत्तांतात शिड्या लावून आणि तोफांनी पाडलेल्या खिंडारातून फौज आत घुसल्याचे आहे. लोकांना दुल्हाजू का हवा असतो, हे समजणे कठीण नाही. कपटी प्रधान नसेल तर हार समजत नाही. शाईने लिहिलेल्या निकालाला तोंड नसते, त्याच्यावर थुंकता येत नाही. दरवाजा उघडणाऱ्या माणसाला मात्र शिव्या देता येतात. अद्भुत कादंबऱ्यांतले शठ आणि कारस्थानी लोक या गरजेतूनच आले असावेत. शेवटच्या पानावर त्यांना शासन होते, वारसाची खूण पटते, आणि मंत्र पूर्ण लागू पडतो. दगडातली तलवार उपसणाऱ्या आर्थर राजाच्या कथेपासून टोल्कीनच्या १९५५ साली पुऱ्या झालेल्या कादंबरीपर्यंत, जेथे राजाच्या हाताच्या स्पर्शाने घायाळ बरे होतात आणि त्यावरून तो ओळखला जातो, पश्चिमेकडच्या वाचकांनाही हेच हवे होते. फरक इतकाच, की मराठी वाचकाने हे मागितले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे न पटलेल्या खुणांचे वारस जिवंत फिरत होते.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरपाशी राणी पडली. तिचा मुलगा मूठभर सोबत्यांसह रानोमाळ लपत राहिला आणि अखेरीस इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. ज्या हक्कासाठी झाशी गेली, तो हक्क शिल्लक राहिलेल्यांना कागदावर मिळाला. दामोदररावाला तो लागू नव्हता. इंदुरात तुटपुंज्या तनख्यावर त्याने संसार केला, खजिन्यात ठेवलेल्या आपल्या रकमेसाठी अर्ज केले, आणि ती रक्कम हाती न येताच १९०६ साली तो वारला. त्याच्या मागून वर्षभराने, वेढ्याच्या वेळी झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी छापून काढला. आणि १९१३ साली नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली, तेव्हा वाचकांनी ती आधीच्या अद्भुत कादंबऱ्यांइतक्याच आतुरतेने हाती घेतली.