फोन आणि संगणकाचा अबोला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गंगापूर रोडला राहणाऱ्यांकडे पत्ता सांगायला एक हुकमी खूण आहे. ती म्हणजे आकाशवाणीचा टॉवर. ‘टॉवरच्या अलीकडे’ किंवा ‘टॉवरजवळ, भाजीबाजारापाशी’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्‌झवर लागतं. तिकडे सिन्नरला किंवा दिंडोरीला कुणी रेडिओ लावला तरी ते ऐकू येतं. मध्ये वायर नाही की काही नाही. आणि याच टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, एका घरात, एकाच टेबलावर वीतभर अंतराने ठेवलेला फोन आणि लॅपटॉप मात्र एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. आज त्या अबोल्याची गोष्ट सांगणार आहे.

ते घर आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्या पत्नीला, माईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माईंना आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. शेवटच्या दोन वर्षांत गुरुजींनी त्या जमेल तशा फोनवर रेकॉर्ड केल्या. कधी स्वयंपाकघरात, कधी गच्चीवर. मागे कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. अशी एकशेचाळीसच्या वर रेकॉर्डिंग त्या एका जुन्या फोनमध्ये होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती.

फोनची अवस्था नाजूक होती. चार्जिंगची पिन विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. केबलने लॅपटॉपला जोडला तर लॅपटॉपला त्याचा पत्ताच लागायचा नाही. मेमरी कार्डाची सोय त्यात नव्हती आणि नवी ॲप्स त्यावर चालत नव्हती. उरला मार्ग ब्लूटूथचा. पण फोनवर लॅपटॉपचं नाव ‘पेअर्ड’ म्हणून दिसायचं आणि जोडायला गेलं की ‘कनेक्ट होऊ शकत नाही’. दोन दिवस गुरुजी हेच करत होते. शेवटी पुतण्याने पुण्याहून सांगितलं, “काका, सरळ रिसेट मारा.”

मी पोचलो तेव्हा गुरुजींचं बोट त्या बटणावरच होतं. मी म्हटलं, “गुरुजी, आधी हात काढा.”

मंडळी, आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. फोनमध्ये ‘रिसेट’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट’. त्यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या ओळखी पुसल्या जातात, फोटो आणि रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. दुसरं ‘फॅक्टरी रिसेट’. त्यात फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. दोन्ही पर्याय एकाच यादीत, एकाखाली एक असतात. गुरुजींचं बोट दुसऱ्यावर होतं.

आता मूळ प्रश्न. फोन ‘पेअर्ड’ म्हणतो, मग जोडला का जात नाही?

इथे रेडिओ आणि ब्लूटूथ यांच्यातला फरक समजून घ्यायला हवा. दोन्हीकडे रेडिओ लहरीच असतात. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, म्हणजे आपल्या एफएमच्या वीस-पंचवीस पट कंपनसंख्येच्या. पण आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. ती श्रोत्याला ‘तू कोण’ असं विचारत नाही. ब्लूटूथ हे दोघांमधलं खासगी संभाषण आहे. तिथे आधी ओळख लागते. पहिल्या भेटीत दोन्ही पडद्यांवर सहा आकडी क्रमांक दिसतो, तो सारखाच आहे ना हे आपण पाहतो आणि दोन्हीकडे ‘हो’ म्हणतो. त्याच वेळी दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्या पोटात जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत ती किल्ली जुळली, तरच दार उघडतं.

मी गुरुजींना विचारलं, “लॅपटॉपचं मध्यंतरी काही काम केलं होतं का?” ते म्हणाले, “दिवाळीत मुलाने विंडोज नव्याने टाकून दिलं.” तिथेच उत्तर मिळालं. विंडोज नव्याने टाकताना लॅपटॉपकडची किल्ली पुसली गेली. फोनकडे मात्र जुनी तशीच होती. एक म्हणतो, ‘आपली जुनी ओळख’. दुसरा म्हणतो, ‘मी तुम्हाला ओळखत नाही’. लहरी बिचाऱ्या दोघांपर्यंत व्यवस्थित पोचत होत्या.

उपाय सोपा होता. फोनवरच्या यादीत लॅपटॉपच्या नावापुढे ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ असतं, ते दाबलं. लॅपटॉपवरही फोनचं नाव असेल तर तेही काढायचं. एकाच बाजूने काढून भागत नाही. मग दोन्ही यंत्रं एकदा बंद करून सुरू केली आणि नव्याने ओळख करून दिली. हे करताना दोन्हीकडे ब्लूटूथचा पडदा उघडा हवा, कारण पुष्कळ यंत्रं तो पडदा उघडा असेपर्यंतच इतरांना दिसतात. क्रमांक जुळला, जोडणी झाली.

गुरुजींनी लगेच एक ओवी पाठवली. ‘पाठवता आलं नाही,’ फोन म्हणाला. त्यांचा चेहरा पडला. पण ही वेगळी अडचण होती. विंडोजवर ब्लूटूथने आलेली फाइल आपोआप आत घेतली जात नाही. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये ‘रिसीव्ह अ फाइल’ म्हणून पर्याय असतो, तो उघडून लॅपटॉपला वाट पाहत बसवावं लागतं. पाहुणा दाराशी आला, पण कडी कुणी काढलीच नव्हती. ती काढली आणि पहिली ओवी आली. (जाता जाता सांगतो, आयफोनवरून विंडोजच्या संगणकावर अशी ब्लूटूथने फाइल जात नाही. तो बिघाड नव्हे, ती सोयच तिथे नाही. त्यात वेळ घालवू नका.)

दहा-बारा ओव्या आल्या आणि पुन्हा अडखळणं सुरू झालं. आता मात्र दोष लहरींच्या वाटेवर होता. या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात फार गर्दी असते. पूर्वी घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी पोस्टातून लायसन्स काढावं लागे, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. हा पट्टा मात्र कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारत सरकारने २००५ साली परवानामुक्त केला. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस सगळे तिथेच जमतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं. पण अगदी कानाशीच गोंगाट असेल तर त्याचाही नाइलाज होतो.

आणि गोंगाट कानाशीच होता. ओव्या साठवायला गुरुजींनी मोठ्या हौसेने बाहेरची हार्ड डिस्क आणली होती आणि ती लॅपटॉपला फोनच्याच बाजूला जोडली होती. यूएसबी ३ प्रकारची डिस्क आणि तिची केबल काम करताना नेमक्या याच पट्ट्यात विद्युत गोंगाट करतात. ती काढून ठेवली. फोनमधला बॅटरी बचतीचा पर्यायही बंद केला, कारण तो मागे चाललेली कामं थांबवतो. त्यानंतर गाडी रुळावर आली.

ब्लूटूथचा वेग बेताचा असतो. शंभर एमबीला सात-आठ मिनिटं सहज लागतात. ओव्यांना ते पुरलं. तुमच्याकडे हजारो फोटो किंवा लग्नाची चित्रफीत असेल तर वायफायचा मार्ग धरा. तिथल्या तीन खाचाखोचा सांगतो. फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत. ते ‘गेस्ट’ नावाचं जाळं असेल तर एकमेकांना दिसणार नाहीत, कारण तिथे मुद्दामच यंत्रं एकमेकांपासून अलग ठेवलेली असतात. घरचं वायफाय असून विंडोजमध्ये ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, हॉटेलात किंवा स्टेशनवर मात्र पब्लिकच राहू द्या. आणि फोनचा हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपला दिसतच नसेल तर तो ५ गिगाहर्ट्‌झवर आहे का बघा. पुष्कळ जुने लॅपटॉप फक्त २.४ ऐकू शकतात.

गुरुजींच्या टेबलावर मी विशेष असं काही केलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि लगेच तपासून पाहिली. आपण घाईघाईत पाच बटणं एकदम दाबतो, मग बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही आणि बिघडलं तरी कळत नाही. दुसरं म्हणजे, प्रत संगणकावर पोचून ती उघडते, वाजते, हे पाहिल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसलं नाही. आलेल्या फाइली आणि फोनमधल्या फाइली, दोन्हींची संख्या आम्ही मोजली. एक कमी भरत होती. ती शोधून पुन्हा मागवली.

सगळं आटोपलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. हार्ड डिस्क पुन्हा जोडून तिच्यावर एक प्रत घेतली, मुलाला पाठवायला दुसरी पेन ड्राइव्हवर घेतली. निघताना मी म्हटलं, “गुरुजी, एखादी वाजवून बघू या.” त्यांनी मधलीच एक लावली. माईंचा आवाज आला, मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि ओवी अर्धवट सोडून माई म्हणाल्या, “अहो, तेवढा गॅस बंद करा.”

गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले होते.

तुमच्या घरातही असा एखादा जुना फोन खणात पडलेला असेल. त्याची बॅटरी चालते आहे तोवर, या रविवारी त्याची एक प्रत काढून ठेवा.