लाकडी देवांच्या पहाऱ्यातली भाड्याची घरे

1950 आणि 1960 च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियात पॉलिनेशियन थाटाची भाड्याची निवासी संकुले उभी राहिली.

प्रवेशद्वारी उंच त्रिकोणी छप्पर,
अंगणात पोहण्याचा तलाव,
आणि झाडांआड ‘टिकी’, म्हणजे पॅसिफिक बेटांवरील देव-पूर्वजांच्या घाटाची कोरीव मूर्ती, असा तो सरंजाम असे.

या मूर्ती पूजेसाठी नव्हत्या. भाडेकरूंना भुलवण्यासाठी होत्या.

तिथल्याच व्हिटियर शहरात 1956 मध्ये सुरू झालेली ‘ओशॅनिक आर्ट्स’ ही कार्यशाळा अशा मूर्ती पुरवी;
लाकडाच्या ओंडक्यावर छिन्नीने वटारलेले डोळे आणि रुंद, दातविचके तोंड कोरले जाई.
या संकुलांच्या आतल्या खोल्या मात्र इतर कोणत्याही सदनिकेसारख्याच असत!

पूजेसाठी नव्हे, भुलवण्यासाठी;
म्हणूनच पुढे ही हौस ओसरल्यावर,
उन्हापावसात भेगाळलेल्या कित्येक मूर्ती मालकांनी निःसंकोच काढून टाकल्या.